उड्डाणवर्तनावरून मोठ्या पाणपक्ष्यांची ओळख : यवतमाळ जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात

प्रश्नाचे स्वरूप

पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या ग्रंथांतील चित्रांत पक्षी बहुधा उभा असतो, निरीक्षकाच्या जवळ असतो आणि त्याच्यावर प्रकाश समोरून पडलेला असतो. जलाशयाच्या काठी प्रत्यक्ष निरीक्षण करणाऱ्यास या तिन्ही सोयी क्वचितच एकत्र लाभतात. बेंबळा, अरुणावती, पूस किंवा ईसापूर यांसारख्या विस्तीर्ण जलाशयावर हिवाळ्यातील सकाळी मोठे पाणपक्षी पुष्कळदा दूर अंतरावर, धुक्यातून किंवा उगवत्या सूर्याच्या विरुद्ध प्रकाशात, आणि उडत असताना दिसतात. मासेमारांची एखादी नाव जाळी काढण्यास निघाली की काठावरचा सारा समुदाय एकदम हवेत उठतो आणि निरीक्षकास मोजणीसाठी मिळतात ती जेमतेम काही मिनिटे. अशा वेळी रंग काळवंडून जातो, चोचीची ठेवण दिसेनाशी होते, आणि शेजारी तुलनेस दुसरे काही नसल्यामुळे आकारमानाचा अंदाजही फसतो. निरीक्षकाच्या हाती उरते ते केवळ पक्ष्याचे वर्तन.

हा प्रश्न हौशी निरीक्षकाच्या समाधानापुरता मर्यादित नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ सालापासून दर जानेवारीत होत आली आहे, आणि पाणथळ जागांचे महत्त्व ठरविताना अशा गणनांतील आकड्यांचा आधार घेतला जातो. १९७१ च्या रामसर करारातील पक्ष्यांविषयीच्या दोन निकषांपैकी एक निकष एकूण पाणपक्ष्यांच्या संख्येशी निगडित आहे : ती नियमितपणे २०,००० किंवा अधिक असावी लागते. दुसरा निकष एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी त्या स्थळी नियमितपणे असण्याविषयीचा आहे. पहिल्या निकषापुरता 'मोठा पाणपक्षी' एवढा बोध पुरतो. दुसऱ्यासाठी जात निश्चित असावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातील मोठे जलाशय पाटबंधारे प्रकल्पांतून निर्माण झालेले असल्यामुळे त्यांवरील नोंदींची मालिका नैसर्गिक सरोवरांइतकी जुनी असू शकत नाही. मालिका जितकी आखूड, तितका तिच्यातील एका चुकीच्या नोंदीचा भार अधिक. म्हणूनच उडत्या पक्ष्याविषयी निश्चितपणे काय म्हणता येते आणि कोठे थांबावे लागते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

येथे आरंभीच एक भेद लक्षात घ्यावयास हवा. उडत्या पक्ष्याचे प्रत्येक वर्तन सारख्याच मोलाचे लक्षण नसते. काही वर्तने पक्ष्याच्या शरीररचनेतून अपरिहार्यपणे उद्भवतात. अस्थी, स्नायू व पंखांचे प्रमाण बदलल्यावाचून ती बदलू शकत नाहीत. त्यांस 'रचनाबद्ध' लक्षणे म्हणता येईल. इतर वर्तने वारा, ऊन, वेळ, भीती, चोचीतील ओझे अशा कारणांनी घडतात व त्यांच्याबरोबर पालटतात. ती 'परिस्थितिजन्य' लक्षणे होत. ओळखीतील बहुतेक चुका दुसऱ्या वर्गातील लक्षणास पहिल्या वर्गाचे मोल दिल्यामुळे होतात. पुढील विवेचनात प्रत्येक लक्षणामागील कारण पाहून त्याचा वर्ग ठरविण्याचा प्रयत्न केला आहे.

नावांचा घोटाळा

निरीक्षणापूर्वी नावांचा विचार करणे इष्ट आहे, कारण बोलीतील नाव निरीक्षकाच्या दृष्टीस आधीच वळण लावून ठेवते. 'करकोचा' हा शब्द मराठीत दोन भिन्न कुळांतील पक्ष्यांस लावला जातो. चित्रबलाक, मुग्धबलाक, कांडेसर हे बलाक-कुळातील पक्षी करकोचे म्हणून ओळखले जातात; आणि हिवाळ्यात भारतात येणारा कांड्या करकोचा मात्र क्रौंच-कुळातील, म्हणजे सारसाच्या कुळातील आहे. पांढऱ्या रंगाचा कोणताही लांब पायांचा पक्षी 'बगळा' या नावाखाली जातो. त्यात पांढरा शराटी व चमचाही समाविष्ट होतात. पारिभाषिक शब्दांनी ही अडचण सर्वस्वी दूर झालेली नाही. संस्कृत काव्यातील 'बलाका' सामान्यतः बगळीच्या अर्थाने घेतली जाते. आधुनिक मराठी पक्षिनामांत 'बलाक' हे पद करकोच्यांकडे गेले आहे. विदर्भातील वनांत दीर्घकाळ सेवा केलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी 'पक्षिकोशा'त निरनिराळ्या भाषांतील व बोलींतील पक्षिनामे एकत्र केली, त्या कार्याचे महत्त्व अशा ठिकाणी जाणवते. गावकऱ्याने सांगितलेले नाव टिपून ठेवावे. परंतु त्यावरून जात ठरवू नये.

प्रस्तुत विवेचनासाठी पक्ष्यांचे पुढीलप्रमाणे गट पाडणे सोयीचे होईल : बगळे, बलाक, शराटी व चमचा, क्रौंच, पाणकावळे व तिरंदाज, आणि हंस-बदकांचा गट. उडत्या पक्ष्याचा प्रथम गट ठरवावा आणि मगच जातीकडे वळावे, हा क्रम सोडता कामा नये.

मान आणि पाय

सर्वांत विश्वसनीय रचनाबद्ध लक्षण मानेचे आहे. बगळ्यांच्या मानेत बहुधा २० मणके असतात, आणि त्यांपैकी सहावा मणका इतरांहून लांबट व वेगळ्या ठेवणीचा असतो. त्याच्यापाशी मान सहज दुमडते. माशावर अकस्मात झेप घालण्याची बगळ्याची शक्ती याच रचनेत आहे. उड्डाणात ही मान मागे ओढून खांद्यांत बसविली जाते, आणि त्यामुळे डोक्याचा व चोचीचा भार शरीराच्या मध्याजवळ येतो. दुरून पाहता बगळ्याची पुढची बाजू आखूड व जड दिसते, छातीपुढे फुगवटा दिसतो आणि मागे पाय लांब पसरलेले असतात. राखी बगळा, जांभळा बगळा, मोठा बगळा, गायबगळा, ढोकरी व रातढोकरी या सर्वांना हे वर्णन लागू पडते.

बलाक, शराटी, चमचा व क्रौंच हे मान पुढे पसरून उडतात. त्यातही सूक्ष्म भेद आहेत. चित्रबलाक व मुग्धबलाक यांची मान पाठीच्या रेषेच्या किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे पक्षी पुढून थोडा वाकल्यासारखा भासतो. क्रौंचाची मान व पाय हे जणू एकाच सरळ रेषेत ताणलेले असतात. शराट्याची मान पुढे असली तरी तिच्या टोकाची बाकदार चोच खाली वळलेली असल्याने पुढचे टोक आकड्यासारखे दिसते. चमच्याची चोच सरळ असते. रोहित, म्हणजे अग्निपंख, या जिल्ह्यात अपेक्षित पक्षी नव्हे; तथापि तो आलाच तर अतिशय बारीक लांब मान व तितकेच लांब पाय एकाच वेळी ताणून, पंख सतत हलवीत जाणारी त्याची आकृती इतर कोणाशी जुळत नाही.

पायांचे लक्षण मानेस पूरक आहे. बगळे, बलाक, चमचा व क्रौंच यांचे पाय शेपटीच्या मागे स्पष्ट दिसतात. हंस, बदके व पाणकावळे यांचे पाय आखूड असल्याने ते तसे दिसत नाहीत. त्यांच्या आकृतीत पुढे मान असते, मागे केवळ शेपटी. पट्टकादंब व करकोचा यांचा दुरून होणारा घोटाळा या एका कसोटीने मिटतो.

या नियमास दोन प्रकारचे अपवाद आहेत आणि ते भिन्न स्वरूपाचे आहेत. पहिला परिस्थितिजन्य आहे. बगळा नुकताच उठलेला असला, किंवा काठावरच्या एका जागेवरून लगतच्या जागी जात असला, तर तो काही क्षण मान पुढेच ठेवतो. म्हणून उठल्याबरोबर पाहिलेली मान प्रमाण मानू नये; पक्षी स्थिर उड्डाणात येईपर्यंत थांबावे. दुसरा अपवाद रचनेतूनच आलेला आहे. टक्कल डोक्याचा, अवजड चोचीचा क्षत्रबलाक हा बलाक-कुळातील असूनही मान आखडून उडतो, आणि पाणकोळीही, म्हणजे पेलिकन, तसाच उडतो. चोचीचा भार पुढे गेल्यास तोल सांभाळणे कठीण होते, हेच त्याचे कारण दिसते. हा अपवाद नियमाचे मोल कमी करीत नाही. उलट मान आखडण्याचा संबंध भाराच्या वाटपाशी आहे, या उपपत्तीस तो दुजोरा देतो.

पंखाघाताची लय

पंखांची हालचाल किती वेगाने व कोणत्या पद्धतीने होते, हे मुख्यतः शरीराचे वजन व पंखांचे क्षेत्रफळ यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पंखांच्या प्रत्येक चौरस एककावर पडणाऱ्या वजनास पंखभार म्हणतात. राखी बगळ्याचे वजन सामान्यतः १ ते २ किलोग्रॅम, आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १५५ ते १९५ सेंटिमीटर असते. पट्टकादंबाचे वजन साधारणतः २ ते ३ किलोग्रॅम, पण पंखांची रुंदी मात्र सुमारे १४० ते १६० सेंटिमीटरच. म्हणजे जड शरीर लहान पंखांवर तोलावयाचे असल्याने हंसास सतत व वेगाने पंख मारावे लागतात. बगळा सेकंदास सुमारे दोन ते अडीच वेळा पंख मारतो. पट्टकादंब सुमारे चार वेळा. हा फरक नुसत्या डोळ्यांनी जाणवतो, आणि दहा सेकंदांतील पंखाघात मोजल्यास तो आकड्यांत नोंदविता येतो. विद्यार्थ्यांनी ही सवय आवर्जून लावून घ्यावी, कारण 'मंद' व 'जलद' ही विशेषणे प्रत्येकाच्या मनात निराळी असतात, मोजलेला आकडा मात्र सर्वांस सारखाच.

लयीच्या दृष्टीने गटांचे वर्णन पुढीलप्रमाणे करता येईल. बगळ्यांचा पंखाघात संथ व एकसारखा असतो. पंख खाली कमानीसारखे वाकलेले दिसतात. शराटी काही जलद आघात करून मग थोडा वेळ पंख स्थिर ठेवून तरंगतात, आणि थव्यात ही लय एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जाताना दिसते. चमचाही अधूनमधून तरंगतो, परंतु त्याचे आघात अधिक अखंड असतात. पाणकावळे जलद व जवळजवळ न थांबता पंख मारतात. पाण्यावरून उठताना त्यांना पृष्ठभागावर धडपडत पुढे जावे लागते. क्रौंचाचा आघात सर्वांहून वेगळा आहे : पंख खाली येताना संथ व वर जाताना झटका दिल्यासारखे जलद जातात. खाली येण्यास लागणारा वेळ व वर जाण्यास लागणारा वेळ यांतील ही विषमता एकदा डोळ्यांत बसली की सारस किंवा कांड्या करकोचा बलाकांपासून अलग करणे पुष्कळ सुकर होते.

येथेही परिस्थितीचा वाटा वजा केला पाहिजे. समोरून जोराचा वारा असल्यास एरवी तरंगणारा पक्षीही सतत पंख मारतो. घरट्यासाठी काटक्या नेणारा, पोट भरून परतणारा किंवा शिकारी पक्ष्याच्या भीतीने उठलेला पक्षी नेहमीच्या लयीत उडत नाही. पंखाघात मोजावयाचा तो पक्षी सरळ, समपातळीत व निर्वेध जात असताना.

ऊन, हवा आणि दिवसाची वेळ

बलाकांचे पंख लांब व रुंद असतात, आणि पंखाग्रांची पिसे बोटांसारखी विलग होतात. अशा पंखांना वर चढणाऱ्या उष्ण वायुप्रवाहाचा चांगला आधार मिळतो. सूर्य वर आला, जमीन तापू लागली आणि हवेचे स्तंभ वर उठू लागले की चित्रबलाक, मुग्धबलाक व कांडेसर वर्तुळे घेत उंच चढतात, आणि पुढे पंख स्थिर ठेवून पुढच्या स्तंभापर्यंत उतरत जातात. यवतमाळच्या पठारावरील काळी, पीक निघाल्यामुळे उघडी पडलेली शेते व अजंठा रांगेच्या उजाड टेकड्या लवकर तापतात. जलाशयाचे पाणी तसे तापत नाही. त्यामुळे पाण्यावरून उठलेला बलाक प्रथम पंख मारीत काठापर्यंत येतो आणि वर्तुळे घेण्यास जमिनीवर पोचल्यानंतर आरंभ करतो. हिवाळ्यातील पहाटे, जमीन थंड असताना, हे दृश्य सहसा दिसत नाही. तेव्हा सूर्योदयापूर्वी दूर अंतरावर पंख मारीत जाणारा मोठा पक्षी 'तरंगत नाही, म्हणून बलाक नव्हे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तरंगण्याची शक्ती रचनाबद्ध आहे. तरंगण्याचा प्रसंग परिस्थितिजन्य.

उंच वर्तुळे घेणाऱ्या थव्यात बलाकांबरोबर घारी, गरुड व गिधाडे असू शकतात. विशेष सावधगिरी बाळगावयाची ती मुग्धबलाक व पांढरे गिधाड यांच्याबाबत, कारण दोघांच्याही अंगाचा भाग पांढरा आणि पंखांची मागची कडा काळी असते. गिधाडाची मान आखूड दिसते, पाय शेपटीमागे दिसत नाहीत, आणि शेपूट पाचरीच्या आकाराची असते. बलाकाची आकृती पुढे व मागे दोन्हीकडे लांबते. कांडेसर व काळा करकोचा हे दोघेही उंचावर केवळ काळे दिसतात आणि दोघेही वर्तुळे घेतात. त्यांच्यातील भेद मानेच्या रंगावर आहे : कांडेसराची मान पांढरी, काळ्या करकोच्याची काळपट. ती दिसत नसेल तर वर्तनावरून या दोघांस अलग करण्याचा हट्ट धरू नये.

तिरंदाज हा पाणकावळ्याचा नातलग असला तरी त्याचे उड्डाण निराळे आहे. काही आघात, मग दीर्घ तरंगणे, आणि ऊन तापल्यावर उंच वर्तुळे असा त्याचा क्रम असतो. लांब शेपटी पंख्यासारखी पसरलेली व बारीक मान किंचित वाकडी असते. आठव्या व नवव्या मणक्यांमधील सांध्यामुळे त्याच्या मानेस हा बाक येतो. पाण्याखाली माशास चोचीने भोसकण्याची त्याची रीत त्याच रचनेवर उभी आहे. जलाशयावर वर्तुळे घेणारा, पाय न दिसणारा, लांब शेपटीचा काळा पक्षी हा बहुधा तिरंदाज असतो. पाणकावळा असे क्वचितच करतो.

सायंकाळची वेळही पुरावा ठरू शकते. बगळे, शराटी व पाणकावळे विश्रांतीच्या झाडांकडे परतत असताना रातढोकरी त्याच झाडांतून बाहेर पडते. परतणाऱ्यांच्या ओघाविरुद्ध, एकटा किंवा विस्कळीत लहान थव्यात, 'वाक्' असा एकेक स्वर काढीत जाणारा आखूड मानेचा पक्षी ओळखण्यास रंगाची आवश्यकता राहत नाही. तथापि पिलांना भरविण्याच्या काळात रातढोकरी दिवसाही बाहेर पडते, हे विसरू नये.

रांग आणि आवाज

आकाशात बाणाच्या टोकाप्रमाणे रचना करून जाणारा थवा दिसला की तो हंसांचा, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज टिकणारा नाही. हंस, क्रौंच, शराटी, चमचे, मोठे पाणकावळे आणि बगळेही तिरप्या रांगेत किंवा बाणरचनेत उडतात. यामागील कारण हवेच्या गतीत आहे. पुढील पक्ष्याच्या पंखाच्या टोकामागे हवेचा एक भोवरा निर्माण होतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगास हवा वर चढते. मागील पक्षी तेथे राहिला तर त्याचे श्रम वाचतात. पाणकोळ्यांच्या हृदयाचे ठोके मोजून अशा रचनेत श्रम कमी होतात हे २००१ साली दाखविण्यात आले. २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, युरोपातील टकल्या शराट्यांचे पक्षी नुसती योग्य जागाच धरीत नाहीत तर पुढील पक्ष्याच्या पंखाघाताशी आपला आघात जुळवून घेतात, असे आढळले. जो लाभ हवेच्या नियमांतून मिळतो तो पुरेशा मोठ्या कोणत्याही पक्ष्यास मिळू शकतो. म्हणून केवळ रचनेवरून कुळ ठरत नाही. रांग कशी बनते, किती वेळ टिकते, आणि तिच्यातील पक्षी एका लयीत तरंगतात की अखंड पंख मारतात, हे पाहिले तर मात्र रांगेपासून काही शिकता येते.

आवाजाची गोष्ट निराळी आहे. तो बहुतांशी रचनाबद्ध आहे. सारसाची लांब श्वासनलिका उरोस्थीच्या पोकळीत वेटोळी घेऊन बसलेली असते, आणि त्यामुळे त्याचा तुतारीसारखा स्वर फार दूरवर ऐकू येतो. बलाकांत स्वरयंत्राचे स्नायू नीट विकसित झालेले नसल्याने प्रौढ पक्षी जवळजवळ मुके असतात. घरट्यावर ते चोचीचा कटकटाट करतात, उड्डाणात मात्र शांत राहतात. पट्टकादंब व चक्रवाक उडताना बोलतात. काळा शराटी कर्कश, अनुनासिक ओरड करीत शेतांवरून जातो. लांब मानेच्या मोठ्या पक्ष्यांचा थवा मोठ्याने बोलत जात असेल तर तो बलाकांचा नाही, हे जवळजवळ निश्चित. थवा शांत असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बोलणारे पक्षीही पुष्कळदा गप्प उडतात. एखाद्या लक्षणाची उपस्थिती व अनुपस्थिती यांचे मोल सारखे नसते, हा नियम सर्वच लक्षणांस लागू आहे.

एक उदाहरण : 'सारस दिसला'

वरील कसोट्या एकत्र कशा लावाव्यात हे पाहण्यासाठी सारसाचे उदाहरण योग्य ठरेल. महाराष्ट्रात सारसाचा वावर मुख्यतः गोंदिया व लगतच्या भंडारा जिल्ह्यांतील धानपट्ट्यापुरता उरलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातून सारसाची नोंद आली तर ती अपवादात्मक ठरेल आणि तिच्यावरून पुढील अनेक विधाने केली जातील. अशी नोंद 'मोठा, राखी, लांब पायांचा पक्षी उडत गेला' एवढ्यावर स्वीकारता येणार नाही.

प्रथम मान पाहावी. स्थिर उड्डाणात ती आखडलेली असेल तर पक्षी बहुधा राखी बगळा होय आणि प्रश्न तेथेच संपतो. दूर अंतरावरून सारस म्हणून सांगितला जाण्याचा संभव या पक्ष्याबाबत अधिक असतो. मान पसरलेली असेल तर बलाक की क्रौंच असा प्रश्न उरतो. आता पंखाघात पाहावा : वर जाताना झटका आहे का? त्यानंतर आवाज : तुतारीसारखा स्वर ऐकू आल्यास बलाक बाद होतात. शेवटी पक्षी कोठे उतरतो हे पाहावे. सारसाचे मागील बोट आखूड व वर सरकलेले असल्याने त्यास फांदी पकडता येत नाही. तो जमिनीवर किंवा उथळ पाण्यात उतरतो. बगळे, बलाक, शराटी, पाणकावळे हे झाडांवर सहज बसतात. आफ्रिकेतील मुकुटधारी क्रौंच झाडावर बसू शकतात, कारण त्यांचे मागील बोट लांब आहे. भारतातील क्रौंच तसे नाहीत. यास्तव धरणाच्या काठच्या वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलेला पक्षी, इतर काहीही दिसले नाही तरी, सारस नव्हे एवढे निःशंकपणे सांगता येते.

या सर्व कसोट्यांतून उतरलेला पक्षी क्रौंच-कुळातील ठरला, तरी तो सारसच असे अद्याप सिद्ध झालेले नाही. हिवाळ्यात मोठ्या थव्याने, बाणरचनेत व उंचावरून जाणारे क्रौंच कांड्या करकोचे असण्याचा संभव अधिक. सारस बहुधा जोडीने किंवा पिलांसह लहान कुटुंबाने, फारसा उंच न जाता उडतो. हे शेवटचे लक्षण मात्र सवयीचे आहे, रचनेचे नव्हे. म्हणून त्यावर नोंदीचा सारा भार टाकू नये. छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास 'क्रौंच-कुळ, जात अनिश्चित' हीच खरी नोंद.

नोंदीची पद्धत

वरील विवेचनावरून नोंद कशी ठेवावी हे ओघानेच स्पष्ट होते. नोंदवहीत प्रथम वर्तन लिहावे आणि नंतर अनुमान. हा क्रम उलटल्यास स्मृती अनुमानाला अनुकूल अशी वर्तने पुरवू लागते. मान, पाय, दहा सेकंदांतील पंखाघात, तरंगण्याचे प्रमाण, थव्याची रचना, आवाज, उतरण्याची जागा या बाबी स्वतंत्र रकान्यांत असाव्यात. त्यांबरोबर वेळ, प्रकाशाची दिशा, वारा, अंदाजे अंतर आणि पक्षी किती सेकंद दिसला हेही लिहावे. पक्षी कोणत्या कारणाने उडाला व कोणत्या दिशेस गेला हे टिपल्याने एकच थवा दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी होतो. नावेने उठविलेला थवा पुष्कळदा जलाशयाला वळसा घालून दुसऱ्या निरीक्षकासमोर उतरतो. शक्य तेथे दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता आपापले रकाने भरावेत आणि मागाहून पडताळून पाहावेत. ज्या रकान्यांत दोघांचे सतत मतभेद होतात, तो रकाना त्या ठिकाणी, त्या प्रकाशात भरवशाचा नाही एवढे तरी त्यातून समजते.

ही पद्धत शिकण्यास दुर्मिळ पक्ष्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. यवतमाळ शहराजवळील निळोणा किंवा चापडोह जलाशयाच्या काठी बगळे, पाणकावळे व शराटी यांच्यासारख्या नित्याच्या पक्ष्यांवर ती आधी पक्की करता येते. जवळून जात निश्चित झालेला पक्षी दूर उडून जाताना शेवटपर्यंत पाहत राहावा, आणि कोणते लक्षण किती अंतरावर नाहीसे होते ते लिहावे. रंग केव्हा जातो, चोच केव्हा जाते, पाय केव्हा जातात, आणि मान व पंखांची लय किती दूरवर टिकते, याचे कोष्टक प्रत्येक निरीक्षकाने स्वतःच्या दृष्टीसाठी व स्वतःच्या दुर्बिणीसाठी तयार करावयाचे असते. दुसऱ्याचे कोष्टक येथे उपयोगी पडत नाही.

उन्हाळ्यात या जलाशयांचे पाणी उतरते, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पिके घेतली जातात, आणि उरलेल्या उथळ पाण्यात पक्षी दाटीने उतरतात. पाणी, शेती, मासेमारी व पक्षी यांचा मेळ कसा घालावा या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोणत्या जातीचे किती पक्षी कोठे होते, हेच प्रथम विचारले जाणार. त्या वेळी नोंदवहीतील प्रत्येक नाव पुराव्याप्रमाणे तपासले जाईल. ज्या नोंदीत 'बगळा-कुळ' किंवा 'बलाक, जात अनिश्चित' असे जेथल्या तेथे लिहिलेले असेल, तिच्यातील निश्चित म्हणून लिहिलेल्या नावांवरही विश्वास ठेवता येईल. ज्या नोंदीत प्रत्येक पक्ष्यास नाव मिळालेले असेल, तिच्यातील कोणते नाव खरे हे सांगणे पुढील संशोधकास अशक्य होईल.